मला उचलू नका

यंदा ऊन तापायला लागलं, निवडणूक लागली आणि मी पुन्हा एकदा पिंप्राळ्याच्या चौकात टांगली गेले. रिक्षा स्टॉपच्या वर, दोन खांबांच्या मध्ये, चांगल्या दहा फुटी फ्लेक्सवर. लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीत मी, खुर्ची हवेत, एका बाजूनं होमगार्डनं धरलेली, दुसऱ्या बाजूनं टोपीवाल्या स्वयंसेवकानं. माझं तोंड उघडं, उजवा हात वर. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं: ‘या मतदान करू शकतात, मग तुम्ही का नाही?’

सावलीला बसलेला एक रिक्षावाला म्हणाला, ‘‘अक्का, तुम्ही तर एकदम फेमस!’’

मी म्हटलं, ‘‘भाऊ, ती बाई काय ओरडतेय, ऐकू येतंय का?’’

तो वर बघत राहिला. त्याला कसं ऐकू येणार? फोटोला आवाज नसतो, हेच तर सगळ्यांच्या सोयीचं आहे. ती बाई ओरडत होती, ‘‘खाली ठेवा मला! आधी खाली ठेवा!’’ त्याला पाच वर्षं झाली. त्या उन्हाळ्यातलं कोणी मला विचारलं नाही, म्हणून मीच सांगते. माझा स्वभाव तिखट आहे, आधीच सांगून ठेवते. गणिताचे क्लास घेते, त्यामुळे आवाजही मोठा आहे.

मला दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला. बालपण धुळ्यात गेलं. तिथले रस्ते सरळ आणि लांबच लांब. मेमध्ये त्या रस्त्यांवरून शाळेच्या निकालाला जाताना पायातले लोखंडी कॅलिपर असे तापायचे की माय त्यांना ओल्या धडप्याच्या पट्ट्या गुंडाळायची. घरी पोचेपर्यंत पट्ट्या वाळून कडक झालेल्या असायच्या. आता कॅलिपर सुटले, चाकाची खुर्ची आली, पण उन्हाळा काही बदलला नाही. दुपारी बाहेर पडले तर चाकाच्या कड्यांना हात लाववत नाही. जुने हातमोजे घालते, तर लोक विचारतात, ‘‘एवढ्या गरमीत मोजे?’’

लोकांना वाटतं, पोलिओच्या पायांना काही कळत नाही. डोंबल! चालता येत नाही एवढंच. बाकी त्यांना सगळं कळतं. ऊन कळतं, डास कळतो आणि गुडघ्याखाली घातलेला परक्या माणसाचा हात तर फारच कळतो.

त्या वर्षी वैशाखात नेहमीसारखंच भाजून निघत होतं. सकाळी नऊला रस्ते ओस, माणसं डोक्याला उपरणं गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवून फिरणारी. गच्च्यांवर ज्वारीचे पापड, आमचे बिबडे, वाळत पडलेले. कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास घरभर. सावद्याकडून येणारे केळीचे ट्रक उन्हाला भिऊन पहाटेच निघून जायचे. रस्त्यावर दिवसभर फिरत राहायच्या त्या फक्त प्रचाराच्या गाड्या. त्यांना ऊन लागत नव्हतं.

त्या गाड्यांवरच्या भोंग्यांतून मी दिवसभर माझंच शरीर ऐकत होते. हे सरकार लंगडं आहे. प्रशासन आंधळं आणि बहिरं आहे. विरोधकांची अवस्था लुळी-पांगळी झाली आहे. कोणाला कुबड्या लागतात, कोण कुबड्यांवर उभं आहे. एकेका पक्षाची गाडी जायची आणि जाता जाता आमचा एकेक अवयव शिवी म्हणून फेकून जायची. सगळ्या पक्षांचं इतर कशावर म्हणून एकमत नव्हतं, पण यावर होतं.

एका संध्याकाळी मैदानावर सभा होती. आमच्या वॉर्डातले कार्यकर्ते प्रमोदभाऊ घरी आले. ‘‘अक्का, तुमच्यासाठी पुढची रांग राखीव ठेवली. दिव्यांगांसाठी खास व्यवस्था.’’ मी गेले. गेले ही माझीच चूक. पहिल्या रांगेत आम्ही आठ-दहा जण, कॅमेऱ्याच्या बरोबर समोर. नेते बोलायला उभे राहिले. पहिल्यांदा आमच्याकडे बघून हात जोडले. म्हणाले, ‘‘हे माझे दिव्यांग बांधव. यांच्यात देव आहे.’’ टाळ्या. दहा मिनिटांनी त्यांनी विरोधी उमेदवाराची नक्कल केली. एक पाय ओढत, खांदा पाडून, व्यासपीठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं. मैदान हसून लोटपोट. माझ्या शेजारी एक म्हातारे नाना बसले होते, एका पायानं अधू. तेही हसले. सगळे हसताना आपण कसं हसायचं नाही, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. मला त्यांचाही राग आला आणि त्यांच्यावर रागवायचा अधिकार मला नाही, याचाही.

टीव्हीवरही तेच. मालिकेतला कपटी मामा लंगडतो, हे आता ठरूनच गेलंय. आणि नायिका जर खुर्चीत बसली, तर शेवटच्या भागात देवीसमोर उभी राहून चालायलाच लागते. आमच्या कॉलनीतल्या एका काकूंनी मला त्यावरून विचारलंसुद्धा, ‘‘तू करून बघितलंस का गं काही नवस?’’ काकू, माझा नवस तीन पायऱ्यांचा आहे. त्या तोडून द्या.

या तीन पायऱ्या आमच्या कॉलनीतल्या शाळेच्या. तिथंच आमचं मतदान केंद्र. एकेक पायरी अर्ध्या फुटाची, म्हणजे चढ झाला दीड फूट. एक फूट चढायला बारा फूट उतार लागतो, त्या हिशेबानं अठरा फूट. हे गणित मी अर्जात चित्र काढून दिलं होतं. अर्ज किती दिले ते सांगत नाही, रडगाणं होईल. पण त्या वर्षी, निवडणुकीच्या पंधरा दिवस आधी, खरोखर उतार झाला. मी टेप घेऊन गेले. साडेअठरा फूट! गवंडीभाऊंनी अर्धा फूट जास्तीचा दिला होता. मी रिकाम्या शाळेत तो उतार तीनदा चढले आणि उतरले. कोणी बघत नव्हतं. छातीत इतकं भरून आलं होतं की काय सांगू. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःहून आत जाणार होते, आणि कोणी शेजारी नसताना बटण दाबणार होते. एवढंच हवं होतं मला. तेव्हाही आणि आताही.

मतदानाच्या दिवशी मायला घेऊन शाळेच्या फाटकात पोचले आणि बघते तर काय, आमचं केंद्र ‘आदर्श’ झालेलं. मंडप, तोरणं, सनई. आणि उताराच्या तोंडाशी, दोन्ही अंगांना, केळीचे हिरवेगार खांब. यावलहून खास मागवलेले, घडासकट, वाळू भरलेल्या तेलाच्या डब्यांत रोवलेले. आपल्याकडे शुभकार्याला दाराशी केळीचे खांब लागतातच. पण ते उताराच्या आत लावले होते. मध्ये दीड हात जागा. आणि त्या दीड हातात रांगोळी: दिव्यांग बांधवांचे स्वागत.

मी म्हटलं, ‘‘एक खांब बाजूला घ्या फक्त.’’

तिथला माणूस कासावीस झाला. ‘‘ताई, साहेब पाहणीला येणार आहेत. ते येऊन जाऊ द्या ना. रांगोळी पुसली जाईल.’’

‘‘मग मी काय करू?’’

‘‘उचलतो की तुम्हाला! त्यासाठीच तर स्वयंसेवक आहेत.’’

मी नको म्हटलं. दोनदा म्हटलं. मागे रांग होती, ऊन मी म्हणत होतं, कोणीतरी ओरडलं, ‘‘उचला रे, किती वेळ!’’ आणि मला माझ्या खुर्चीतून उपसून लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीत घातलं. विचारलं नाही. गव्हाचं पोतं उचलताना कोणी पोत्याला विचारतं का? माझी ओढणी खाली लोंबत होती, एक चप्पल पडली. मी ओरडले. तेवढ्यात समोर कॅमेरा.

आत तर कहर झाला. प्लॅस्टिकची खुर्ची बुटकी, टेबल उंच, यंत्राची बटणं मला दिसेनात. तर तो टोपीवाला स्वयंसेवक माझ्यासकट खुर्ची वर धरून पुठ्ठ्याच्या आडोशात माझ्याबरोबरच शिरला. त्याचा श्वास माझ्या कानाशी. ‘‘दाबा ताई, लवकर दाबा, हात दुखतोय.’’ मी दाबलं. त्यानं बघितलं. कोणी अडवलं नाही, कारण मदत चालू होती आणि आमच्याकडे मदत चालू असताना कोणी मध्ये बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर मी. ‘अपंगत्वावर मात करत लोकशाहीचा जल्लोष.’ आत लिहिलं होतं की मतदानाच्या आनंदानं माझा चेहरा फुलून गेला होता. मायला वाचता येत नाही. धुळ्याजवळच्या खेड्यातली ती, अजून अहिराणीतच बोलते. तिनं फोटो डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाली, ‘‘तू कोठे हासी राहिनी? तू तं चिडेल शे. मनी पोर हासस का रडस, तेबी कळत नही यास्ले?’’

निरक्षर बाईला जे दिसलं ते त्या पेपरातल्या एकाही शहाण्याला दिसलं नाही.

त्यानंतर चार दिवसांनी प्रमोदभाऊ रस्त्यात भेटले. स्कूटर थांबवली, गोड हसले. ‘‘अक्का, यावेळी तुमचं मत आम्हाला नाही मिळालं म्हणे. चालायचंच.’’ आणि निघून गेले. मी भर उन्हात तिथंच. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. संतापाखाली एक भीतीही होती, ती लपवत नाही. क्लासची पोरं याच वॉर्डातली, नळाचं पाणी याच वॉर्डातलं. माझं मत उघडं पडलं होतं, आणि तरी घरोघरी माझा आनंदी फोटो पोचला होता.

तो फोटो मग माझा राहिलाच नाही. तो अहवालात गेला, शाळेच्या भिंतीवर लागला, दोन वेगवेगळ्या पक्षांच्या पत्रकांवर आला, डिसेंबरात आमचा म्हणून जो एक दिवस साजरा करतात त्याच्या बॅनरवर आला. तक्रार केली तर म्हणाले, ‘‘ताई, यात वाईट काय दिसतंय तुम्हाला? लोकांना प्रेरणा मिळते.’’ प्रेरणा! मी पोरांना त्रिकोणमिती शिकवते, त्यातनं नाही का मिळत प्रेरणा? ती माझ्या लोंबत्या पायांतनंच कशी मिळते?

आता यंदाचं. एप्रिलमध्ये अंगणवाडीच्या सुमनताई फॉर्म घेऊन घरी आल्या. मतदार यादीचं काम त्यांच्याकडे असतं. बाई मनानं चांगली. ‘‘ताई, आता घरबसल्या मत देता येतं. आमचं पथक येईल, कॅमेरावाला पण येईल. उन्हात जायलाच नको.’’

‘‘म्हणजे पुन्हा कॅमेरा. आणि घरात चार माणसं.’’

‘‘नियमच आहे तो.’’

‘‘ज्याला अंथरुणातून उठता येत नाही, त्याच्यासाठी तुमचं पथक सोन्यासारखं आहे. त्याच्याकडे जरूर जा. मी घरी वरण-भात खाते. मत द्यायला मी शाळेत येणार.’’

सुमनताई फॉर्म पिशवीत घालत म्हणाल्या, ‘‘पण ताई, तिथं आता पाणपोई आहे.’’

खरंच होती. मधल्या काळात कुणा दानशूर माणसानं वडिलांच्या स्मरणार्थ शाळेला थंड पाण्याची स्टीलची भलीमोठी टाकी दिली आणि ती माझ्या उतारावर बसवली. का? तर ‘जागा रिकामीच पडली होती.’ आता या जिल्ह्यात, या उन्हात, पाणपोईच्या विरोधात बोलणारी बाई म्हणजे कैदाशीणच. मी मुख्याध्यापकांना बोलले, अर्ज दिला. ते म्हणाले, ‘‘पुण्याचं काम आहे हो ते.’’ दानधर्माच्या खाली माझा हक्क बरोबर साडेअठरा फूट गाडला गेला होता.

मतदानाच्या दिवशी मी साडेतीनला पोचले. माय छत्री धरून बरोबर. यंदा केळीचे खांब नव्हते, पण स्वयंसेवक होते, लाल खुर्चीही होती. ‘‘या ताई, उचलतो.’’ मी म्हटलं, ‘‘हात लावू नका. टाकी हलवा. तोवर मी रांगेत आहे.’’ मागून येणाऱ्या प्रत्येकाला मी पुढे जाऊ दिलं. कोणी कीव करून बघितलं, कोणी वैतागून. एक गृहस्थ म्हणाले, ‘‘एवढा हट्ट बरा नाही.’’ प्रमोदभाऊ येऊन समजूत घालून गेले. एका स्वयंसेवकानं तर मागून खुर्चीचा दांडा धरलाच, तेव्हा माय छत्री मिटून उभी राहिली. मला म्हणाली, ‘‘कोनलेच हात लावू देऊ नको. मी शे ना आठे.’’ पंच्याहत्तरीची बाई, पण त्यानं दांडा सोडला.

सहा वाजले. वेळ संपली की फाटक बंद होतं आणि रांगेत जे असतील त्यांना चिठ्ठ्या मिळतात, शेवटच्या माणसापासून सुरुवात करून. शेवटची मी होते. एक नंबरची चिठ्ठी माझ्या हातात आली, खाली केंद्राध्यक्षांची सही. ती चिठ्ठी ज्याच्याकडे असेल, त्याचं मत झाल्याशिवाय यंत्राला सील लागत नाही. हा नियम मी आधीच वाचून ठेवला होता. साडेतीनपासून मी त्याच चिठ्ठीची वाट बघत होते.

पुढचे सगळे मत देऊन गेले. मैदानात मी, माय, पोलीस, दोन स्वयंसेवक आणि ती टाकी. आतून केंद्राध्यक्ष मॅडम बाहेर आल्या. पारोळ्याकडच्या कुठल्याशा शाळेतल्या शिक्षिका. चेहरा घामानं आणि थकव्यानं उतरलेला.

‘‘ताई, माझी माणसं पहाटेपासून बसलीत हो. दोन मिनिटं उचलू द्या, विनंती करते.’’

‘‘मॅडम, तुमची माणसं पहाटेपासून बसलीत. मी वयाच्या दुसऱ्या वर्षापासून बसलेय. मागच्या वेळी उचललं, तेव्हा माझं बटण दुसऱ्यानं बघितलं आणि चार दिवसांत ते वॉर्डभर झालं. आज मी एकटी आत जाणार, नाहीतर इथंच बसणार. तुम्ही ठरवा.’’

मॅडम पायऱ्या उतरून टाकीपाशी गेल्या. टाकीखाली लपलेला उतार बघितला. मग शाळेच्या शिपायाला म्हणाल्या, ‘‘हे इथं बसवताना कोणालाच काही वाटलं नाही?’’

‘‘देणगीदार नाराज होतील, मॅडम,’’ शिपाई पुटपुटला.

‘‘होऊ देत. पाणी सोडा.’’

तोटी उघडली. दिवसभर तापलेल्या फरशीवर पाणी पडलं आणि वाफा निघाल्या. टाकी रिकामी व्हायला बराच वेळ लागला. मग चार पोलिसांनी आणि त्या दोन स्वयंसेवकांनी मिळून ती उचलून खाली आणली. उचलायचंच होतं ना तुम्हाला? उचला मग.

मी चढले. उतार ओला होता, चाक एकदा घसरलं, कोणीतरी ‘अरे अरे’ केलं, पण हात लावायची कोणाची छाती झाली नाही. आत मॅडमनी यंत्र आणि पुठ्ठा पोरांच्या बुटक्या बाकावर ठेवायला लावले आणि सगळ्यांना मागे सरायला सांगितलं. त्या आडोशाच्या आत मी एकटी होते. माझ्या कानाशी कुणाचा श्वास नव्हता. मी एकेक नाव सावकाश वाचलं, अगदी शेवटच्या अपक्षापर्यंत. कोणतं बटण दाबलं ते सांगणार नाही. मायलाही सांगितलेलं नाही. बाहेर येताना मी रडत होते. आनंदानं म्हणायला छान वाटलं असतं, पण रागानंच. एवढ्याशा गोष्टीला एवढी वर्षं?

काल पेपर आला. आतल्या पानावर चार ओळी: ‘दिव्यांग महिलेच्या हट्टामुळे मतदान प्रक्रिया लांबली. शेकडो लिटर पाणी वाया.’

माय म्हणाली, ‘‘काय लिखेल शे?’’ मी वाचून दाखवलं. तिनं विचारलं, ‘‘फोटो नही?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग बरं शे.’’

मी पेपरच्या ऑफिसला फोन लावला. म्हटलं, बातमीत चूक आहे, उशीर माझ्यामुळे झाला नाही, पाणपोईमुळे झाला. पलीकडचा माणूस उत्साहानं म्हणाला, ‘‘ताई, तुमच्या जिद्दीवर आपण एक मोठी स्टोरी करू ना! खुर्चीतला एक छान हसरा फोटो पाठवाल?’’ मी फोन ठेवला.

रात्री शिपायानं निरोप पाठवला की आज सकाळी दहाला देणगीदार येणार आहेत, टाकी परत जागेवर बसवायला. नारळही फोडणार आहेत.

म्हणून आज सकाळी साडेआठपासून मी उताराच्या मधोमध आहे. दोन्ही चाकांचे ब्रेक लावले आहेत. हे सगळं इथंच बसून लिहिलं. दहाला पाच मिनिटं कमी आहेत, फाटकात टेम्पो येऊन उभा राहिलाय. दहावीच्या पोरांना मी सकाळीच कळवलंय, आजचा क्लास शाळेच्या उतारावर होईल, येताना छत्र्या आणा.